द ऑफिस: खरा हिरो मायकल की कॅमेरा?

खिडकीतली

अमेरिकन 'द ऑफिस'वर इथे अजून स्वतंत्र धागा नाही हे बघून नवल वाटलं. इतर धाग्यांवर अधूनमधून विषय निघतो आणि लगेच कुणीतरी 'अवांतर नको' म्हणून हाकलून लावतं. म्हणून हा काढला. स्पॉयलर भरपूर असणार आहेत, ज्यांनी बघितली नाही त्यांनी आपल्या जबाबदारीवर खाली यावं.

नवख्यांसाठी थोडक्यात: पेनसिल्व्हेनियातलं स्क्रॅन्टन हे एके काळी कोळशावर पोसलेलं शहर. तिथे डंडर मिफ्लिन नावाच्या कागद विकणाऱ्या कंपनीची एक शाखा. शाखेत मोजकी माणसं, आणि कुणीतरी त्यांच्यावर माहितीपट काढतंय. संपली गोष्ट. एनबीसीवर मार्च २००५ ते मे २०१३ चालली. नऊ सीझन, २०१ भाग. मागून हशा पेरलेला नाही, त्यामुळे कुठे हसायचं ते आपलं आपण ठरवायचं.

आता माझं म्हणणं. चर्चा नेहमी शाखेचा मॅनेजर मायकल स्कॉट, विक्रेते ड्वाइट आणि जिम, रिसेप्शनवरची पॅम यांच्याभोवतीच फिरते. परत बघताना मला वाटायला लागलंय की या मालिकेतलं सगळ्यात जमून आलेलं पात्र म्हणजे कॅमेरा. तो नुसता समोर ठेवलेला नाही. त्याला भोचकपणा आहे. केबिनच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्यातून तो आत डोकावतो, कुणी कुजबुजायला लागलं की झूम करतो, कुणी खोटं बोललं की त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही.

सीझन ४ चा पहिला भाग आठवा. जिम आणि पॅमचं जमलंय का, हा सगळ्यांना पडलेला प्रश्न. दोघंही मुलाखतीत तोंड वर करून 'छे, काहीच नाही' सांगतात. चित्रीकरणवाल्यांचा विश्वास बसत नाही. ते पॅमच्या मागावर जातात, तिला आणि जिमला एका गाडीत एकत्र पकडतात, आणि मग तेच चित्रण नेऊन त्या दोघांना दाखवतात! बसा आता.

आणि सीझन ७ मधला मायकलचा निरोप. विमानतळावर तो चित्रीकरणवाल्यांना म्हणतो, हे दाखवणार असाल तेव्हा कळवा, आणि माइक काढून देतो. तो वळतो आणि मागून पॅम धावत येते. दोघं काय बोलली? आपल्याला ऐकू येत नाही, कारण माइक नाही. इतकी वर्षं ज्या माणसाचं तोंड एक मिनिट बंद नव्हतं, त्याचं निरोपाचं बोलणं आपल्याला ऐकू दिलेलं नाही. हे लिहिणाऱ्याच्या पाया पडावं.

पुढे ही मालिका घसरली ती मायकल गेल्यामुळे असं सगळे म्हणतात. मी म्हणते, लिहिणाऱ्यांना कॅमेऱ्याचा विसर पडला म्हणून घसरली. या, भांडा.

चहाटळ

शीर्षक वाचून मला वाटलं पंकज कपूरच्या 'ऑफिस ऑफिस'बद्दल आहे. मुसद्दीलालला शोधत आलो, इथे भलतंच.

खिडकीतली

@चहाटळ, तो वेगळा प्रकार. तिथे माणूस काउंटरच्या बाहेर उभा राहून मार खातो, इथे सगळे आत बसून एकमेकांचा जीव खातात. :)

जुनी_खोड

धागा चांगला आहे, पण श्रेय भलत्यालाच दिलंत. कॅमेऱ्याची सगळी करामत रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंटची. बीबीसीवर २००१ साली मूळ मालिका आली. लंडनजवळचं स्लाव, तिथली वर्नहॅम हॉग ही कागदाचीच कंपनी, आणि डेव्हिड ब्रेंट नावाचा बॉस. बारा भाग आणि २००३ च्या नाताळातला दोन भागांचा विशेष कार्यक्रम. संपवून मोकळे झाले. अमेरिकन मालिकेचा पहिला भाग तर जवळजवळ त्याचीच नक्कल आहे. जेलीत घातलेला स्टेपलर तिकडचा, रिसेप्शनवरच्या मुलीला खोटं खोटं कामावरून काढून रडवायचं तेही तिकडचं.

शिवाय तिकडे कॅमेऱ्याला अर्थ आहे. ब्रेंटला प्रसिद्ध व्हायचंय. तो प्रत्येक वाक्य कॅमेऱ्याकडे एक डोळा ठेवून बोलतो. विशेष भागांत तो माहितीपट खरोखर प्रसारित झालेला असतो, आणि ब्रेंट आता 'टीव्हीवाला' म्हणून नाइटक्लबात पैसे घेऊन तोंड दाखवत फिरतो, वर तक्रार करतो की संकलनात माझी वाट लावली. या एका कल्पनेपुढे तुमचे २०१ भाग ओवाळून टाकावेत. तुमच्या लोकांचा माहितीपट प्रसारित व्हायला नववा सीझन उजाडावा लागला.

टपरीबंद

+१ जुनी_खोड. इंग्रजांना थांबायचं कळतं.

शेवटचा_बाक

>> इंग्रजांना थांबायचं कळतं <<
आपल्याकडे दीडशे वर्षं थांबले होते की.

टपरीबंद

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!

मिताली_परदेशी

ब्रिटिश मालिका थोर आहे यात वाद नाही, पण मला ती परत बघवत नाही. ब्रेंट बघून अंग आक्रसतं आणि तसंच राहतं. अमेरिकनांनी पहिल्या सहा भागांत तेच करून बघितलं आणि ते साधलं नाही. पहिला सीझन बघा, स्टीव्ह कॅरेलचे केस चोपून मागे बसवलेले, बोलणं कुजकट. दुसऱ्या सीझनला केस बदलले, माणूसही बदलला. मधल्या काळात, २००५ च्या ऑगस्टमध्ये, कॅरेलचा 'द फॉर्टी-इयर-ओल्ड व्हर्जिन' हा चित्रपट धो धो चालला होता. हा माणूस प्रेक्षकांना आवडू शकतो हे एनबीसीला कळलं, आणि अमेरिकन मालिका घडवणाऱ्या ग्रेग डॅनियल्सच्या चमूलाही कळलं असणार.

तो नेमका कुठे बदलला ते बघायचं असेल तर दुसऱ्या सीझनमधला 'द क्लायंट'. मायकलची वरिष्ठ जॅन आणि मायकल एका ग्राहकाला भेटायला जातात. मायकल जागा बदलतो, मोठ्या हॉटेलऐवजी चिलीज हे साधं रेस्टॉरंट. तिथे खातो, पितो, विनोद सांगतो, कामाचा विषयच काढत नाही. जॅनचा संताप संताप होतो. आणि अगदी शेवटी, ग्राहक सैलावल्यावर, दोन-चार वाक्यांत मायकल सौदा खिशात घालतो. आपल्याला तेव्हा कळतं की हा गाढव माणूस विक्रेता म्हणून अव्वल आहे, म्हणूनच त्याला मॅनेजर केलं, आणि मॅनेजर केलं हीच चूक झाली. असे मॅनेजर आपल्या सगळ्यांच्या पाहण्यात आहेत. ब्रेंटसारखा मात्र मला कुठे भेटला नाही.

त्याच भागात इकडे ऑफिसात सगळ्यांना मायकलनं लिहिलेली पटकथा सापडते. हेर असलेला नायक म्हणजे मायकल स्कार्न, त्याच्या मदतनिसाचं नाव सॅम्युअल. पण एका ठिकाणी 'ड्विग्ट' असं काहीतरी छापलेलं. मग उलगडा होतो: आधी सगळीकडे ड्वाइटचं नाव होतं, नंतर संगणकावर शोधा-आणि-बदला करून काढलं, पण जिथे स्पेलिंगच चुकलं होतं तिथे ते राहिलं. ड्वाइट हे सगळं ऐकत तिथेच बसलेला. हसू येतं आणि वाईटही वाटतं, ते एकाच सेकंदात. ब्रेंटच्या बाबतीत मला वाईट वाटायला शेवटच्या विशेष भागापर्यंत थांबावं लागलं.

चहाटळ

ड्विग्ट!! हे वाचून आज रात्रीच बघायला सुरुवात करणार. कुठून सुरू करू? पहिला सीझन गाळला तर चालेल का?

मिताली_परदेशी

पहिल्यातला दुसरा भाग, 'डायव्हर्सिटी डे', तेवढा बघ. मग थेट दुसरा सीझन. पहिल्याचे बाकीचे भाग प्रेमात पडल्यावर मागे येऊन बघता येतात.

एचआरवाली

'डायव्हर्सिटी डे'चं नाव निघालं म्हणून लिहितेय. पुण्यात गेली बरीच वर्षं एचआरमध्ये आहे, म्हणजे तुमच्या भाषेत मी टोबी. मायकल टोबीचा एवढा द्वेष का करतो यावर लोक विनोद करतात. मला त्यात काडीचं नवल वाटत नाही. आम्ही आलो की गप्पा थांबतात.

त्या भागात मायकलनं कुण्या विनोदवीराचा वांशिक विनोद ऑफिसात करून दाखवलेला असतो, म्हणून मुख्य कार्यालय प्रशिक्षक पाठवतं. मायकलला वाटतं हा अपमान, म्हणून तो आपलं स्वतःचं प्रशिक्षण भरवतो. प्रत्येकाच्या कपाळावर वंशाच्या नावाचं कार्ड, समोरच्यानं तशी वागणूक द्यायची. नंतर केली कपूर येते आणि मायकल तिच्यासमोर भारतीय दुकानदाराची नक्कल करतो. ती त्याच्या थोबाडीत देते. हा भाग बी. जे. नोव्हाकनं लिहिला, म्हणजे मालिकेतला रायन. केली म्हणजे मिंडी केलिंग, तीही लेखिका. आणि टोबी झालेला पॉल लीबरस्टीनही लेखक, पुढे काही सीझन मालिकेची सगळी सूत्रं त्याच्याकडे होती. म्हणजे ज्याला मालिकेत सगळे हिडीसफिडीस करतात तो खरा बॉस. हे मला फार आवडतं.

मुद्द्याचं: आमच्याकडे एकदा (कंपनीचं नाव विचारू नका) बाहेरून आलेल्या प्रशिक्षकानं अशीच कार्डं वाटली. वंशाची नाहीत, स्वभावाची. 'आळशी', 'हुशार', 'भांडखोर'. कपाळाला लावायला चिकटपट्टीसुद्धा आणली होती. अकाउंट्समधल्या एका वयस्क काकांना 'आळशी' आलं. ते कार्ड त्यांनी दिवसभर काढलं नाही, तसंच लावून टेबलावर बसले आणि येईल त्याला सांगत होते, 'एचआरनं लावलंय.' मी मागच्या जिन्यानं घरी गेले.

शेवटचा_बाक

काकांना माझा साष्टांग नमस्कार.

टपरीबंद

काका म्हणजे आपला स्टॅन्ली.

एचआरवाली

अगदी! स्टॅन्ली हडसन हा त्या ऑफिसातला एकमेव शहाणा माणूस. शब्दकोडं सोडवतो, पाच वाजता निघतो. वर्षातून एक दिवस इमारतीत फुकट प्रेट्झेल मिळतात, त्या दिवशी तेवढा तो हसतो. बाकी सगळ्यांना ऑफिसनं कुटुंब व्हावंसं वाटतं, याला फक्त पगार वेळेवर हवाय.

आडगावकर

राम राम मंडळी. मुलानं लावून दिली म्हणून बघितली. इंग्रजी सगळं समजत नाही, खालच्या पाट्या वाचतो. मला तो ड्वाइट लई आवडला. साठ एकर बीट पिकवतो, नोकरी करतो, वर तो मोझ नावाचा चुलतभाऊ सांभाळतो. त्याला सगळे येडा म्हणतात. अरे पण शाखेतला माल तोच सगळ्यात जास्त खपवतो! दिवसभर नोकरी आणि सकाळ-संध्याकाळ शेती केलेल्या माणसाला विचारा काय लागतं ते. त्याच्या समोर बसणारा जिम मात्र दिवसभर खोड्या काढतो आणि लोक त्याला हिरो म्हणतात. हे मला पटलं नाही.

खिडकीतली

आडगावकर काका, स्वागत आहे, आणि एकदम वर्मावर बोट ठेवलंत. (मोझ झालेला मायकल शूर हाही मालिकेचा लेखकच. यांच्याकडे चहावाला पण लेखक असेल.)

मिताली_परदेशी

जिमवर हा आरोप हल्ली सगळीकडे होतो. पहिल्यांदा बघताना तो आपला वाटतो, कारण आपण पंचविशीत असतो आणि नोकरी आपल्या लायकीची नाही असं आपल्याला वाटत असतं. पुढे कळतं की तोही तीच नोकरी करतोय, फक्त वर नाक मुरडून.

तरी मी जिमच्या बाजूनं एक साक्ष देते. सीझन ४, 'मनी'. अँजेलानं सोडल्यामुळे ड्वाइट जिन्यात बसून विव्हळतोय. जिम त्याच्याशेजारी बसतो आणि पॅमनं नाही म्हटलं तेव्हा आपली काय दशा झाली होती ते सांगतो: जेवण जात नव्हतं, झोप नव्हती, कशाला चव नव्हती. वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये म्हणतो, आणि त्यात तूही आलास म्हणतो. सांगून उठून जातो. ड्वाइटचं डोकं खालीच. तो जिमच्या खांद्यावर टाकायला हात लांब करतो, तर तिथे कुणीच नाही. ते बघितल्यापासून मी कुणा एकाची बाजू घेणं सोडून दिलं.

जुनी_खोड

हा प्रसंग चांगला आहे. तेवढं मान्य.

शेवटचा_बाक

नोंद घ्या, जुनी_खोड यांनी काहीतरी मान्य केलंय.

न्यूजर्सीकर

दिवाळीच्या भागाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? सीझन ३, नोव्हेंबर २००६, लेखन मिंडी केलिंग. तेव्हा अमेरिकन वाहिनीवर मुख्य वेळेत अख्खा भाग दिवाळीवर म्हणजे आम्हाला केवढं अप्रूप! केली सगळ्या ऑफिसला दिवाळीचं बोलावणं देते. मायकलला वाटतं हॅलोवीनसारखे सोंगं घेऊन जायचं असतं, त्यामुळे त्याची मैत्रीण कॅरल चीअरलीडरच्या वेषात येते आणि सगळीकडे साड्या-कुडते. तो सामोशाला भलताच गोड पदार्थ समजून खातो. मग स्टेजवर चढून, माइक हातात घेऊन, सगळ्या लोकांसमोर कॅरलला लग्नाची मागणी घालतो. ती नाही म्हणते. शेवटी गिटार घेऊन दिवाळीचं गाणं. केलीचे आईवडील झालेत ते मिंडीचे खरे आईवडील.

आमच्या इथल्या मंडळाच्या दिवाळीला शाळेचं सभागृह घेतात, स्टेजवर एक माइक असतो आणि तो नेहमी चुकीच्या माणसाच्या हातात जातो. त्यामुळे तो प्रसंग बघताना आमच्या घरात सगळ्यांनी डोळे झाकून घेतले होते. आमचे एक अमेरिकन शेजारी दुसऱ्या दिवशी विचारायला आले, 'तुमच्याकडे खरंच अशी असते का?' म्हटलं, जेवणाची रांग याहून मोठी असते.

खिडकीतली

@न्यूजर्सीकर, बरं झालं आठवण केलीत. त्या भागात टिंगल कुणाची चाललीय ते बघा. दिवाळीची नाही, मायकलची. कॅमेरा नाचणाऱ्या लोकांवरून मजेत फिरतो, आणि नाही म्हटल्यावर मायकलच्या चेहऱ्यावर जाऊन थांबतो. लेखिका आपली असली की कॅमेराही कुठे बघायचं ते बरोबर शिकतो.

टपरीबंद

हिंदीत पण काढली होती ना? हॉटस्टारवर?

शेवटचा_बाक

हो. २०१९. फरीदाबाद, विल्किन्स चावला पेपर कंपनी. मुकुल चड्ढा बॉस, गोपाल दत्त म्हणजे त्यांचा ड्वाइट, नाव टी. पी. मिश्रा. गोपाल दत्त माणूस झकास आहे, तो नुसता बसला तरी हसू येतं. पण प्रसंगच्या प्रसंग जसेच्या तसे उचलले. फरीदाबादच्या ऑफिसात जे घडेल ते घडूच दिलं नाही. स्क्रॅन्टनचे लोक हिंदी बोलताहेत असं वाटत राहिलं.

स्टुटगार्टचा_शिंदे

इथे जर्मनीत उलटं झालं. त्यांची 'श्ट्रोमबेर्ग' २००४ पासून होती. कागदाची कंपनीच नाही, विमा कंपनी. बॉस ब्रेंटच्या जातकुळीचा पण अस्सल जर्मन: नियमांत राहून दुष्टपणा कसा करायचा ते त्याच्याकडून शिकावं. माझ्या ऑफिसातल्या सहकाऱ्यांना मायकल स्कॉट धड माहीत नाही, पण श्ट्रोमबेर्गची वाक्यं मीटिंगमध्ये फेकतात. चित्रपट काढायचा ठरला तेव्हा चाहत्यांनी आठवड्याभरात दहा लाख युरो जमवून दिले, २०१४ ला चित्रपट आला. उसनं आणून आपलं करायचं असेल तर असं.

चहाटळ

मग मराठीत काढायची तर कुठलं ऑफिस?

टपरीबंद

जिल्हा सहकारी बँकेची तालुक्याची शाखा. दुसरा पर्यायच नाही.

आडगावकर

आमच्या शाखेत कॅमेरा न्या. स्क्रिप्ट लागणार नाही.

एचआरवाली

आणि मार्च अखेर म्हणजे सीझनचा शेवट. :)

संपादक मंडळ

मराठी मालिकेसाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. तिथे पात्रयोजनेवर हवं तेवढं भांडता येईल.

जुनी_खोड

मूळ मुद्द्यावर येऊ. खिडकीतली, तुमचं 'कॅमेरा विसरले म्हणून घसरली' हे सिद्ध करून दाखवा. मला वाटतं साधं कारण आहे: कॅरेल एप्रिल २०११ ला गेला. दुकानाचा मालक गेला, गल्ल्यावर नोकर बसले.

खिडकीतली

करते. थोडं लांबेल.

सुरुवातीचा दिग्दर्शक केन क्वापिस. तो सकाळी कलाकारांना नुसतं आपापल्या टेबलावर बसून काम करायला लावायचा आणि तेच चित्रित करायचा. फोन, झेरॉक्स, फायली. त्यामुळे मागे बसलेली माणसंही खरी वाटतात. फिलिस झालेली फिलिस स्मिथ तर कलाकार निवडणाऱ्या विभागात कामाला होती, आलेल्या कलाकारांसमोर संवाद वाचून दाखवायची. क्वापिसला तीच आवडली. कॅमेरा धरणारा रँडल आइनहॉर्न आला 'सर्व्हायव्हर'सारख्या रिअॅलिटी कार्यक्रमांतून, जिथे पुढच्या क्षणी काय होईल ते कॅमेरामनला माहीत नसतं. म्हणून इथेही कॅमेरा अर्ध्या सेकंदानं उशिरा वळतो. तो उशीर हाच विनोद आहे.

आता 'कसिनो नाइट' बघा, दुसऱ्या सीझनचा शेवट, लिहिलाय खुद्द कॅरेलनं. जिम पार्किंगमध्ये पॅमला मनातलं सांगतो. कॅमेरा लांब आहे, चोरून बघतोय. त्यांना तो दिसत नाही. आपल्यालाही जरा ओशाळल्यासारखं होतं. नंतर सीझन ५ च्या सुरुवातीला पेट्रोल पंपावर, भर पावसात, जिम तिला लग्नाचं विचारतो, तेही रस्त्यापलीकडून दिसतं. मध्ये गाड्या जातात, आवाज धड नाही. तो पंप खरा नव्हता, एका दुकानाच्या पार्किंगमध्ये उभारलेला सेट होता, त्या छोट्याशा प्रसंगाला अडीच लाख डॉलर गेले म्हणतात. एवढा खर्च कशासाठी? आपल्याला नीट ऐकू येऊ नये यासाठी!

पुढच्या सीझनांत हे सुटलं. कॅमेरा अशा ठिकाणी असायला लागला जिथे तो असूच शकत नाही. कुणालाच त्याची भीती वाटेना, त्याच्यापासून लपवावं असं कुणाकडे काही उरलं नाही. मुलाखती म्हणजे नुसते विनोद सांगायची जागा. नंतर आलेला बॉस रॉबर्ट कॅलिफोर्निया झालेला जेम्स स्पेडर थोर नट आहे, पण तो रॉबर्ट कॅमेरा नसतानाही तसाच बोलला असता. मायकल बोलला नसता. आणि नवव्या सीझनमध्ये शेवटी ब्रायन नावाचा माइकवाला चौकटीत आला, रडणाऱ्या पॅमला धीर द्यायला. कल्पना वाईट नव्हती. पण तोवर आपणच विसरलो होतो की पलीकडे कुणी उभं आहे. म्हणून लोक चिडले, ही नवीनच भानगड कुठून आली म्हणाले. ही भानगड पहिल्या दिवसापासून तिथेच होती.

जुनी_खोड

हं. ब्रायनचं पटलं. पण कॅरेल असता तर या चुका खपून गेल्या असत्या हे माझं म्हणणं कायम. एवढी वर्षं काम करून त्याला या भूमिकेसाठी एकदाही एमी मिळालं नाही हे मात्र त्या पुरस्काराचंच दुर्दैव.

मिताली_परदेशी

दोघंही बरोबर असू शकता की. 'डिनर पार्टी' हा भाग घ्या. ऑफिस नाही, काम नाही, चार भिंतींत तीन जोडपी. (ड्वाइट आपल्या जुन्या दाईला घेऊन आलाय, तेही जोडपंच धरू.) जॅनचा मेणबत्त्यांचा धंदा, जेवण शिजायला अजून तीन तास, मायकलचा भिंतीवरचा इवलासा टीव्ही आणि तो किती भिंतीलगत सरकतो याचं कौतुक. मायकल झोपतो कुठे? पलंगाच्या पायथ्याशी ठेवलेल्या बाकड्यावर. आणि हे तो कॅमेऱ्याला हसत हसत दाखवतो! इथे कॅमेरा नसता तर जॅननं बक्षिसाची बाहुली त्या टीव्हीवर कदाचित आधीच भिरकावली असती. कॅमेरा आहे म्हणून सगळे सभ्यपणा ओढून ताणून धरतात, आणि तो ताण तुटायची आपण वाट बघत बसतो. कॅरेलही हवा, कॅमेराही हवा.

टपरीबंद

'स्कॉट्स टॉट्स' हा भाग पूर्ण बघितलेला कुणी आहे का इथे? मी दोनदा प्रयत्न केला, पोरं नाचायला लागली की बंद करतो.

एचआरवाली

मी बघितलाय. मायकलनं एका शाळेच्या वर्गाला शब्द दिलेला असतो की बारावी झालात की कॉलेजची फी मी भरेन. पैसे आहेत कुठे? फी ऐवजी लॅपटॉपच्या बॅटऱ्या देतो. तिथे विनोद संपतो. पण परतीच्या वाटेवर गाडीत ऑफिसातली एरिन त्याला सांगते की शाळेच्या म्हणण्यानुसार त्या वर्गातली मुलं इतर मुलांपेक्षा जास्त संख्येनं शिक्षण पुरं करतायत. खोट्या वचनानंसुद्धा पोरं शिकली. त्याच्यावर हसायचं की चिडायचं हे लेखकांनी आपल्यावर सोडलंय. मला अजून ठरवता आलेलं नाही.

न्यूजर्सीकर

माझी मुलगी ही मालिका लावून झोपते. लॉकडाऊनमध्ये तर इथे घरोघरी तेच. प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीनुसार २०२० मध्ये अमेरिकेत लोकांनी नेटफ्लिक्सवर ही मालिका ५७ अब्ज मिनिटांहून जास्त बघितली, आणि ती संपून सात वर्षं झाली होती! ज्या पिढीनं ऑफिसचं तोंड बघितलं नव्हतं तिला ऑफिस एवढं का आवडावं?

शेवटचा_बाक

कारण तिथे काम कुणीच करत नाही.

एचआरवाली

'हलके घ्या' ठीक आहे, पण पोटात भीती आहे हो त्या मालिकेच्या. पहिल्या सीझनपासून शाखा बंद होणार, कुणाला काढणार, हेच सुरू आहे. स्टेपल्ससारखी मोठी दुकानं कागद स्वस्तात देणार आणि छोटी कंपनी मरणार, हे सगळ्यांना माहीत आहे. पुढे कंपनी विकलीही जाते. तरी रोज सकाळी येऊन केक कुठल्या चवीचा मागवायचा यावर अँजेला आणि फिलिस तासभर भांडतात. आमच्याकडे कपातीची यादी तयार होत होती त्याच आठवड्यात वाढदिवसाच्या वर्गणीवरून दोन टेबलं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. यादी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. वर्गणीची एक्सेलही मीच सांभाळत होते. दोन्हींत काही नावं सारखी होती.

मिताली_परदेशी

बाप रे.

चहाटळ

दुसरा सीझन संपला! कसिनो नाइट बघून थेट इथे आलोय. आता तिसऱ्यात जिम कुठे जातो ते कुणी सांगू नका प्लीज. वर काही वाचलं असेल तर ते मी वाचलेलं नाही. आणि ते 'द पेपर' नावाचं नवीन आलंय ते याच्यातलंच का?

खिडकीतली

@चहाटळ, हो, तेच माहितीपटवाले आता ओहायोतल्या टोलीडोमध्ये एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात घुसलेत, २०२५ पासून. आपला ऑस्कर तिथेही हिशेबनीस आहे, आणि कॅमेरा परत दिसल्यावर त्याची जी चिडचिड होते ती बघण्यासारखी आहे. पण ते नंतर. आधी तिसरा सीझन बघ.

जुनी_खोड

आधी ब्रिटिश बघा. बाराच भाग आहेत.

चहाटळ

@जुनी_खोड, शनिवारी बघतो, देवाशप्पथ. आत्ता मात्र जिमचं काय झालं ते बघितल्याशिवाय झोप येणार नाही.